उपग्रहाचे कपडे

थोरली मूळची कोट शिवणाऱ्या एका दुकानातली. खांद्याची शिवण तिच्यासारखी कुणाला साधत नसे. शहराबाहेरच्या अवकाश संस्थेच्या केंद्राला शिवणकाम येणाऱ्या बायका हव्या आहेत असं कळलं, तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, पडदे नाहीतर खुर्च्यांच्या खोळी शिवायच्या असतील. परीक्षेला तिच्यापुढे कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ सोनेरी फिल्म ठेवली आणि सांगितलं, एकही चुणी न पाडता कड शिवून दाखवा. तिनं दाखवली.

तेव्हापासून ती उपग्रहाला कपडे शिवू लागली. कपडे म्हणजे खरं तर पांघरुणं. वर उन्हात गेलं की भाजायचं आणि सावलीत आलं की गोठायचं, असलं त्या यंत्राचं जिणं. फिल्मचे थरावर थर, मधे बारीक जाळी, असं पांघरूण अंगावर नीट बसलं तरच ते तगणार. शिवणाच्या खोलीत शिरण्याआधी अंगठी, कानातलं काढायचं, तोंडावरची पावडर पुसायची, पांढरा झगा चढवायचा, चिकट पायपुसण्यावर बूट दाबायचे आणि कपाटाएवढ्या जागेत उभं राहून चहूबाजूंनी वाऱ्याचा मारा खायचा. आत शिंकायचीही चोरी.

घरी मात्र कौतुकाला ऊत आला होता. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सांगायच्या. दीर विचारायचा, "वहिनी, मापं घ्यायला तुम्ही वर जाता, की तो खाली येतो?" थोरली म्हणायची, "तुमच्यासारखाच आहे. जागचा हलत नाही, मलाच जावं लागतं." आणि सगळं घर हसायचं.

पुढे दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली. बोलकी, चटपटीत, बारीक बोटांची. दुसऱ्याच महिन्यात तिनं टुमणं लावलं, "ताई, मलाही लावा ना तिकडे." थोरलीनं विभागाच्या मॅडमकडे शब्द टाकला. "माझ्या घरातली आहे, जबाबदारी माझी," असं म्हणाली आणि तिला हाताखाली घेऊन शिकवलं. फिल्म कशी धरायची, श्वास कुठे सोडायचा, कोपरा कसा वळवायचा, काही म्हणून राखून ठेवलं नाही. धाकटीनं सगळं भराभर उचललं, जरा जास्तच भराभर. पाहुणे आले की मॅडम धाकटीच्याच टेबलाशी थांबायला लागल्या, कारण ती हात न थांबवता गोड बोलायची. थोरलीला कामात बोलणं जमत नसे.

मग नवा उपग्रह तयार झाला. उड्डाणाच्या तळावर त्याच्याबरोबर एकीनं जायचं होतं, पांघरुणाचे शेवटचे टाके तिथे घालायला. या एका गोष्टीची थोरली वर्षानुवर्षं वाट बघत होती. मॅडमनी धाकटीला निवडलं. "तिची बोटं बारीक आहेत, खाचेत आतपर्यंत पोचतात," त्या म्हणाल्या. थोरली म्हणाली, "बरं झालं, घरातच राहिलं." त्या संध्याकाळी तिनं भांडी जरा जोरातच आदळली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी केंद्राच्या बसमधून परतताना धाकटी खिडकीकडे तोंड करून रडायला लागली.

"काय झालं गं?"

"ताई, कुणाला सांगू नका. माझी सुई मोडली. टोक सापडलंच नाही."

खोलीचा नियम साधा होता. सकाळी घेतलेली सुई संध्याकाळी परत द्यायची, आणि मोडली तर दोन्ही तुकडे द्यायचे. पांघरुणात राहिलेला धातूचा कण वर जाऊन कुठल्या तारेला टेकला तर सगळ्यांची मेहनत मातीत.

"मग परत काय दिलंस?"

"घरून एक नेली होती. तीच दिली."

"उद्या सकाळी स्वतः जाऊन सांग. सुया काय, सगळ्यांच्याच मोडतात."

"सांगितलं तर मला तळावर नेणार नाहीत."

"सांग म्हणते ना!"

धाकटीनं मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी ती गप्प राहिली, आणि तिसऱ्या दिवशी तिनं शिवलेलं पांघरूण यंत्रावर चढलं. डब्याच्या वेळी थोरलीनं तिला कोपऱ्यात गाठलं. धाकटी म्हणाली, "जाऊ द्या ना ताई. टोक जमिनीवर पडलं असेल, झाडणीत गेलं असेल."

थोरलीनं डबा झाकला आणि ती तडक मॅडमच्या खोलीत गेली.

मग जे व्हायचं ते झालं. सगळी पांघरुणं उतरवली, क्ष-किरणांखाली घालून तपासली, उसवली. उड्डाण पुढे ढकललं. बातम्यांत सांगितलं, तांत्रिक कारण. टोक कशातच सापडलं नाही. धाकटीला त्याच आठवड्यात घरी बसवलं. मॅडमनी थोरलीला बोलावून म्हटलं, "तुम्ही बोललात ते चांगलं केलंत. पण दोन दिवस माहीत असून गप्प होतात. आणि तिची जबाबदारी तुम्हीच घेतली होती." शिवणकाम बाहेरच्या एका कंपनीला दिलं. थोरलीची बदली झग्यांच्या धुलाईत झाली.

घरात कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. दीर वहिनीशी बोलेनासा झाला. सासूबाईंनी आपलं ताट धाकटीच्या बाजूला हलवलं. नवरा एकदाच बोलला, "तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण माझ्या भावाचं तोंड मला रोज बघावं लागतं."

महिन्याभरात दिरानं दुसरीकडे खोल्या घेतल्या. सामान निघत होतं तेव्हा धाकटी गाठोडं काखेत घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"ताई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"तुम्ही सुईसाठी सांगितलंत, की मला निवडलं म्हणून?"

"सुईसाठी," थोरली म्हणाली. प्रश्न पुरता संपायच्या आत म्हणाली. धाकटी हसली, गाठोडं सावरलं आणि गेली. त्या प्रश्नाचं उत्तर थोरलीनं स्वतःलाही अजून दिलेलं नव्हतं.

शेवटी उपग्रह उडाला. केंद्राच्या अंगणात मोठा पडदा लावला होता, धुलाईतल्या बायकांनाही बोलावलं होतं. सगळ्यांबरोबर थोरलीनं टाळ्या वाजवल्या. पडद्यावर मॅडम म्हणाल्या, या यशामागे असंख्य हात आहेत. पांघरुणं सगळी नव्यानं शिवलेली होती, कंपनीतून आलेली. वर गेलं त्यात थोरलीचा एक टाका नव्हता, आणि धाकटीचाही नव्हता.

हे धाकटीला सांगावं असं तिच्या मनानं घेतलं. का, ते तिलाही कळलं नाही. धाकटीनं बाजाराच्या रस्त्याला शिवणाचं दुकान टाकलं होतं आणि ते बरं चालत होतं. थोरली पायरी चढली तेव्हा आत दोन गिऱ्हाइकं बसली होती. धाकटीनं मशीनवरून मान वर केली. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"या बाई. काय शिवायचंय?"

बाई! थोरलीच्या तोंडचं बोलणं तिथेच राहिलं. काहीतरी द्यायला हवं म्हणून तिनं अंगातलं जाकीट काढून पुढे केलं. "अस्तर उसवलंय."

"गुरुवारी न्या," धाकटी म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

थोरली थंडीत तशीच घरी आली. गुरुवारी तिनं नवऱ्याला पाठवलं. जाकीट आल्यावर तिनं ते उजेडात नेलं, उलटं केलं आणि शिवणीवरून बोट फिरवत गेली. कुठे चुणी नव्हती, टाका सैल नव्हता, कोपरे तिनं शिकवले होते तसेच वळवलेले. तिला त्याचाही राग आला.