चार मिशांचा भुंगेरा

आप्पा कोणाचाही नमस्कार बसून घेत नसत. उमरग्यात हमरस्त्याला लागून त्यांचे कापडाचे दुकान होते. रस्त्याच्या पलीकडून कोणी ‘शरणु शरणार्थी’ म्हटले की आप्पा हातातले कापड बाजूला ठेवून उठत, कमरेत वाकत आणि खणखणीत आवाजात ‘शरणार्थी!’ म्हणत. ‘रामराम’ आला तर रामराम, ‘जय भीम’ आला तर जय भीम, ‘सलाम’ आला तर सलाम. दुकान मुलाच्या हाती देऊन ते वरच्या खोलीत बसू लागले, तरी हा नेम सुटला नाही. एवढेच की आता ते खिडकीतून वाकत.

मी भूमापन खात्यातून निवृत्त झालो. नोकरीत माणसांपेक्षा बांधांशी अधिक संबंध आला आणि तो मला मानवला. रस्त्याने मी खाली पाहून चालतो. आप्पांची आणि माझी ओळख व्हावी असे काहीच कारण नव्हते. एके सकाळी ते स्वतःच दारात येऊन उभे राहिले.

“मोजणीसाहेब, तुमच्याकडं पाणसळ हाय म्हणं.”

“आहे. कशाला हवी?”

“भुंगेऱ्याला चार मिशा यायल्यात.”

पातळी तपासायचे हे उपकरण मी कोणाला देत नाही. म्हणून पाणसळ घेऊन मीच गेलो.

वरच्या खोलीची जमीन लाकडी फळ्यांची होती. खिडकीजवळच्या टेबलावर टाचणीला टोचलेला, नखाएवढा, लांब मिशांचा मेलेला भुंगेरा आणि समोर जमिनीवर उभ्या केलेल्या तिपाईवर कॅमेरा. आप्पांनी मला खुर्चीत बसवले आणि गिऱ्हाइकाला पोत समजावून सांगावे तसे सांगू लागले. “इतक्या जवळनं फोटो काढला की कॅमेऱ्याला एका टायमाला एवढुसंच साफ दिसतंय. डोळा दिसला की पाय गेले, पाय दिसले की पाठ गेली. म्हणून फोकस सल्प सल्प मागं सारायचा अन् फोटो काढत जायचं. मंग कॉम्प्युटर सगळ्यातला साफ तुकडा उचलतो अन् एक फोटो शिवतो.” ‘सल्प’ हा सीमेपलीकडचा कानडी शब्द. त्यांच्या तोंडून ‘थोडे’ असे मी कधी ऐकले नाही. आणि फोटो ‘जोडतो’ असेही ते कधी म्हणाले नाहीत.

शिवलेला फोटो त्यांनी दाखवला. भुंगेऱ्याला खरोखरच चार मिशा होत्या. त्यांपैकी दोन दुसऱ्या दोहोंच्या सावलीसारख्या बाजूला सरकलेल्या. पाठीच्या कडाही दुहेरी होत्या.

तेवढ्यात मुलगा शिवराज चहा घेऊन वर आला. त्याने पडद्याकडे पाहिले. “आप्पा, ह्यो पिऊन फोटोला बसलाय का तुम्ही पिऊन काढलाय?”

“चहा ठेव अन् खाली जा.”

“जातो. पण बोली ध्यानात ऱ्हाऊ द्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, लग्नसराई आली. साड्यांचे गठ्ठे ठेवायला मला जागा न्हाय. लग्नसराईच्या आधी एक तरी फोटो चारचौघांत दाखवण्याजोगा काढला तर खोली आप्पांची. न्हायतर माझी.”

तो गेल्यावर आप्पांनी कप उचलला. “दुकान दिलं, गल्ला दिला, चाव्या दिल्या,” ते म्हणाले, “एवढी खोली तेवढी ऱ्हायली.” एवढेच. मग त्यांनी चहा संपवला आणि सगळा दोष हैदराबादच्या ट्रकांवर ढकलला.

ट्रकांचा दोष होताच. जड गाडी गेली की फळ्या थरथरत. आप्पांना त्या थरथरीवरून आतला माल ओळखता येतो असा त्यांचा दावा होता. “हा सिमेंटचा. हा कांद्याचा, हलका हाय.” मी तिपाईचे पाय वाळू भरलेल्या डब्यांत रोवायला लावले, मधल्या दांड्याला दगड टांगला आणि गाडी पुरती जाऊन स्तब्धता आल्याखेरीज फोटो काढायचा नाही असे ठरवून दिले. धूसरपणा गेला. मिशा चारच राहिल्या.

मग मी संगणकातले फोटो पाहिले. आप्पांनी त्यांचा क्रम बदललेला होता. सर्वांत सुरेख फोटो पहिला, त्याहून कमी दुसरा, असे उतरत्या भाजणीने.

“हे काय?”

“गिऱ्हाइकापुढं पहिली साडी भारीचीच टाकायची असती, साहेब.”

“संगणक तुमचे गिऱ्हाईक नाही.”

फोकस मागे सरकला की भुंगेरा किंचित लहानमोठा दिसतो. एक फोटो दुसऱ्यावर नेमका बसवण्यासाठी संगणक त्याला ताणतो किंवा आवळतो. फोटो काढल्या क्रमाने दिले तर फरक अल्प असतो. उलटेसुलटे दिले तर तो भलतीकडेच ओढतो. मी क्रम लावून दिला आणि आधार म्हणून मधला फोटो धरायला सांगितला. त्या ओढाताणीत कडा कापल्या जातात, म्हणून भुंगेऱ्याभोवती मोकळी जागा ठेवा, असे मी सांगणार होतो. आप्पांनी मला बोलू दिले नाही. “शिवणीत धरायला कापड सोडलं पाहिजे, हे आता तुम्ही मला शिकवणार व्हय?”

पाठीच्या कडा एक झाल्या. मिशा तीन झाल्या. आप्पांनी ही प्रगती मानली. मी मानली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाणसळ घरी ठेवली आणि कोपऱ्यात नुसता बसून राहिलो. आप्पा एक फोटो काढत, फोकस सारत, दुसरा काढत. खालून कोणी म्हणाले, “शरणु शरणार्थी, आप्पा!” आप्पा उठले, टेबलाच्या कडेवर हात टेकवला, खिडकीतून वाकले, “शरणार्थी!” म्हणाले आणि परत येऊन पुढचा फोटो काढू लागले. टाचणीचे डोके मी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. टेबल केसभर खिडकीकडे सरकले होते.

“आप्पा, ट्रक निर्दोष आहेत. भुंगेरा तुमच्या नमस्काराने हलतो.”

त्यांचा विश्वास बसेना. मी त्यांना लागोपाठचे दोन फोटो पारदर्शक करून, एकावर एक ठेवून दाखवले. मधे नमस्कार झाला होता तेथेच टाचणीला दोन डोकी दिसत होती.

“मग खिडकी लावून घ्या,” मी म्हणालो.

“अन् खालून माणूस हाक मारतंय, ते?”

“मारू द्या.”

“न्हाय जमणार.” ते पहिल्यांदाच माझ्यावर रागावले. “तीस वर्षं त्या माणसांनी माझ्याकडनं कापड नेलंय. त्यांना बंद खिडकी दावू? त्यापेक्षा खोली जाऊ द्या.”

टेबल भिंतीला ठोकावे तर भिंत फळ्यांचीच. दुसरीकडे न्यावे तर उजेड फक्त खिडकीत. राहता राहिला एक उपाय. तो उच्चारण्यापूर्वी मी घरी जाऊन एक रात्र विचार केला.

सकाळी मी खुर्ची खिडकीत ओढली आणि रस्त्याकडे तोंड करून बसलो. “तुम्ही फोटो काढा,” मी म्हणालो, “नमस्कार मी घेतो.”

पहिला भाजीवाला आला. “रामराम, आप्पा!” मी म्हणालो, “हं.” त्याने मान वर करून पाहिले आणि निघून गेला. नंतरच्या दोघातिघांनाही मी ‘हं’ म्हणालो. तासाभरात बाजारात बातमी पसरली की आप्पांचे काही खरे नाही, वर एक तिऱ्हाईत माणूस तोंड पाडून बसला आहे. माणसे जिना चढून विचारपूस करायला येऊ लागली. एकाने तर नारळपाणी आणले. फळ्या ट्रकांनी हलल्या नव्हत्या इतक्या हलल्या.

आप्पा हसून हसून खाली बसले. “साहेब, ‘हं’ नका म्हणू. उठा, वाका, अन् त्यांचा शब्द त्यांना परत द्या. मोठ्यानं. उधार ठेवू नका.”

त्या दिवसापासून मी टेबलाला हात न लावता उठलो, वाकलो आणि मोठ्याने म्हणालो. आठवडाभर म्हणालो. माझे एक जुने सहकारी रस्त्याने जात होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

आठवड्याच्या शेवटी भुंगेऱ्याला दोन मिशा आल्या. टोकापासून मुळापर्यंत अखंड, आणि पाठीवरचा एकेक ठिपका वेगळा.

आप्पांनी शिवराजला हाक मारली. त्याने पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाला, “आप्पा, हे नेटवरनं घेतलंय.”

आप्पांचा चेहरा उतरला. मग त्यांनी संगणकावर सुटे फोटो उघडले आणि एकेक पुढे सारू लागले. एकात फक्त मिशीचे टोक स्पष्ट, बाकी धुके. पुढच्यात डोळा. पुढच्यात मान. एकही फोटो दाखवण्याजोगा नव्हता. शिवराजने खुर्ची ओढली. मधेच त्याने बापाच्या हातून माऊस घेतला आणि शेवटच्या धुक्यापर्यंत तो स्वतः गेला.

“एवढा खुळ्यासारखा उद्योग नेटवर कोण टाकंल,” तो म्हणाला. गठ्ठ्यांसाठी त्याने मागच्या गल्लीत गोदाम भाड्याने घेतले.

या प्रकारातून कोणी जीवनविषयक बोध काढू नये. आप्पांनी काढला नाही. त्यांनी पुढचा किडा काढला.

त्यानंतर दोन वर्षे आम्ही त्या खोलीत बसलो. गेल्या थंडीत आप्पा झोपेत गेले. दिवसकार्य उरकल्यावर शिवराज माझ्याकडे आला. कॅमेऱ्यात एका मेलेल्या कोळ्याचे फोटो होते, पण निम्मेच. फोकस डोळ्यांपासून पोटापर्यंत पोचला होता. मागचे फोटो काढायचे राहिले होते.

“ऱ्हायलेले आपण काढू का, काका?”

मी जाऊन पाहिले. भेटीला आलेल्या माणसांना बसायला जागा करताना कोणी टेबल सरकवले होते. कोळी वाळून त्याचे पाय आत वळले होते. “आता नवे फोटो जुन्यांवर बसणार नाहीत,” मी म्हणालो.

“मग हायत तेवढेच शिवू.”

तो खुर्चीत बसला. मी क्रम सांगितला, मधला फोटो धरायला सांगितला. संगणकाने आपले काम केले. पुढचे चार पाय आणि आठही डोळे लख्ख आले. मागचे चार पाय धुक्यात राहिले.

शिवराज पडद्याकडे पाहत होता. “बरोबर झालं का?” त्याने विचारले.

मी कडा तपासल्या. कोठेही कड दुहेरी नव्हती.

“जुळले आहे,” मी म्हणालो.