सुईणबाईंची खुर्ची

आमच्या गावी, सरगूरला, बाळंतपणात आई अडली तेव्हा वेळेवर गाडी मिळाली नाही, म्हणून तिचं पहिलं मूल दगावलं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. त्यामुळे घरीच बाळंत व्हायचं ठरल्यावर सुईण पारखायला मी अकरा प्रश्न लिहून काढले.

मंडी मोहल्ल्यातला आमचा अरुंद जिना चढून सुईणबाई आल्या. अंगाने भरभक्कम, वाक्यागणिक "अय्यो". माझा कागद त्यांनी घडी घालून पिशवीत टाकला, लाकडी खुर्चीत बसल्या आणि माझ्या नवऱ्याला न् दिराला म्हणाल्या, "उचला. खाली न्या."

"तुम्हाला, अक्का?"

"मग? अडलं तर हिला दवाखान्यात कसं नेणार, बघू की! अय्यो, सावकाश! मी काय तांदळाचं पोतं आहे?"

खाली पोचल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं! तोवर बाळ चालत जाईल. परत."

तिसऱ्या खेपेला दोन मिनिटं लागली, तेव्हा कुठे त्या हसल्या. माझे प्रश्न तिथेच संपले. पुढे प्रत्येक भेटीत त्या आधी खुर्ची मागत, मग चहा. त्यांचा आवाज ऐकला की दीर गच्चीवर पळे.

मुलगी घरीच झाली. रिक्षा खाली उभी होती, खुर्ची दाराशी. दोन्ही लागल्या नाहीत.