वीतभर दोरा

माझा भाऊ धारवाला. सुऱ्या, कात्र्या, विळ्या, काय वाटेल ते आणा. बसथांब्याच्या मागे, दोन माणसं उभी राहिली की भरणारं दुकान, त्यात दगडी चाक आणि दादा. बोलण्यात मुखदुर्बळ, पण कामात महाहट्टी. धार लावून झाली की मुठीला निळा दोरा बांधायचा, त्याचं वीतभर शेपूट मोकळं सोडायचा आणि गिऱ्हाईकाला म्हणायचा, "कापून बघा." गिऱ्हाईकानं स्वतःच्या हातानं दोरा कापल्याशिवाय वस्तू दुकानाबाहेर जायची नाही. मी चिडवायची, "दिवसभर उद्घाटनं करत बसतोस का रे?" तो नुसता हसायचा.

त्या दिवशी मात्र गर्दी होती. कॅन्टीनचा माणूस आठ सुऱ्या न्यायला आला आणि घाई करू लागला. दादानं त्या कागदात गुंडाळून तशाच दिल्या. दुपारी त्याच माणसानं त्यातली एक काढली, पलीकडच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये शिरला आणि तिघींना मारलं. का, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पार्लर चालवणारी मुलगी त्यात गेली. आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. केस कापायची तिची कात्री त्याच सकाळी तिनं दादाकडे टाकली होती, संध्याकाळी न्यायची म्हणून.

पोलिसांनी पत्रकारांना सुरी दाखवली. मुठीला निळा दोरा, शेपटासकट. तासाभरात माईकवाला दुकानात हजर. आमच्या दादाला खोटं बोलता येत नाही, आणि कुठे थांबावं तेही कळत नाही. म्हणाला, "हो, धार मीच लावली. कॅन्टीनच्या सुऱ्या होत्या, भाजी चिरायच्या. ती पोरगी माझ्याकडे यायची हो..." आणि रडायला लागला. टीव्हीवर काय आलं? "धार मीच लावली." बस, एवढंच! एका बाजूला दादाचं तोंड, दुसऱ्या बाजूला सुरी, खाली 'खुन्याला शस्त्र देणारा हाच का?' असे तीन दिवस. प्रश्नचिन्ह लावलं की यांची जबाबदारी संपली. मेल्यांनो, मग भाजीवाल्यालाही धरा की! मी फोन केला, तर पलीकडचा म्हणतो, "ताई, वाक्य त्यांचंच आहे. आम्ही पदरचं काही घातलेलं नाही."

चौथ्या दिवशी पोलिसांनी सांगितलं, धारवाल्याचा काही संबंध नाही. ते पेपरात आतल्या पानावर, गाद्यांच्या जाहिरातीखाली चार ओळींत आलं. वाचलं असेल तर मी एकटीनं.

दुकानावर दगड आले, गिऱ्हाईक तुटलं. दादाला त्याचं काही नव्हतं. सारखं एकच, "दोरा कापून घेतला असता तर?"

"अरे, म्हणून काय सुरी बोथट झाली असती?" मी ओरडायची.

मग तो कात्रीकडे बघत बसायचा. "जगाला काय म्हणायचं ते म्हणू दे. तिच्या आईनं मला तसा समजू नये गं. कात्री मीच नेऊन देणार."

महिन्यानं गेलो. मी सोबत होते, नाहीतर तो जिन्यातूनच परतला असता. दार आईनंच उघडलं. दादानं कात्री पुढे केली.

"मावशी, तिची कात्री. मी..."

"ओळखलं तुम्हाला." तिनं कात्री हातात घेतली, दोरा बोटावर गुंडाळला, सोडला. "तुमचा दोष नाही. पोलिसांनी सगळं सांगितलंय मला. घरी येऊन ती हसायची, आज पुन्हा दोरा कापायला लावला म्हणून."

दादाच्या जिवात जीव आला. मला दिसलं ते.

"पण पुन्हा येऊ नका," ती म्हणाली. "तुमचं तोंड दिसलं की शेजारी ती सुरी दिसते. मी तरी काय करू? तीन दिवस तेच बघितलंय."

आणि तिनं दार हळूच लावून घेतलं. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

दुसऱ्याच दिवशी दादानं चाक भंगारात दिलं. आता तो एका गोदामात खोकी उचलतो. आमच्या घरातल्या सुरीनं टोमॅटो चिरला जात नाही, चेचला जातो. धारवाल्याच्या घरात ही तऱ्हा! पूर्वी मी त्याला केवढं सुनावलं असतं. आता तो बघत असला की मी सुरी ठेवून देते आणि टोमॅटो हातानंच कुस्करते.