मोठीमायचं काऊन

आमची मोठीमाय काही विचारून उत्तर ऐकायला थांबली नाही, असं कधी झालं नाही. आणि एका उत्तरावर तिचं समाधान झालं, असंही कधी झालं नाही. डॉक्टर म्हणाले, "आजी, मीठ कमी करा," तर ही म्हणायची, "काऊन?" डॉक्टर म्हणाले, "बीपी वाढलंय." "काऊन वाढलं?" शेवटी त्या बिचाऱ्यानं चिठ्ठीच्या मागे हृदयाचं चित्र काढून दाखवलं. बाहेर बसलेले पेशंट कुरकुर करत होते, ही मात्र चित्र उलटंपालटं करून बघत होती. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत 'का' म्हणायला 'काऊन' म्हणतात, हे गोंदियाच्या माणसाला सांगायला नको. पण जगात इतरही लोक आहेत, आणि त्यांना हे ठाऊक नसल्यामुळे काय होतं, तेच मला सांगायचं आहे.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा लवकर गेले. आई आजारी म्हणून मीही लहानपणी नवेगाव बांध या गावी तिच्याच घरी वाढले. मी आणि तिचा होमेंद्र एका ताटात जेवून मोठे झालो. शाळेतून तोंड पाडून आले की दारातच सुरू व्हायचं. "काऊन वो शालू, थोबाड काऊन असं?" मी म्हणायचे, "काही नाही." झालं! मग ती हातातलं सूप खाली ठेवायची आणि समोर बसायची. "काई नाई मननाऱ्याच्याच पोटात लय काई राहते." असं म्हणून जी बसायची, ती मी रडून सगळं ओकेपर्यंत उठायची नाही. भात करपला तरी चालेल.

गावात तिला लोक थोडे भ्यायचे, पण तिनं विचारलं नाही तर रुसायचेही. आमच्या शेजारी गंगू राहायची. तलावातले शिंगाडे काढून बाजारात विकायची. एकदा ती भरली टोपली घेऊन दुपारीच परत आली. साऱ्या गल्लीनं पाहिलं, कोणी काही म्हटलं नाही. मोठीमायनं रस्त्यातच अडवलं. "टोपली काऊन भरून आहे वो? बाजार सोडून काऊन आली?" गंगू हो-नाही करत होती, तेवढ्यात हिनं तिचा हात धरला तर हात तव्यासारखा तापलेला. मग काय, टोपली माझ्या डोक्यावर आणि गंगू हिच्या खाटेवर. गंगू बरी झाल्यावर म्हणाली, "मोठीमाय होती म्हनून, नाई त मी पान्यातच उतरली असती परत." मोठीमायच्या तोंडी काऊन म्हणजे चौकशी नव्हतीच. 'मी इथं आहे, बोल,' एवढाच त्याचा अर्थ.

होमेंद्र शिकला, रायपूरला नोकरीला लागला आणि तिथलीच पूनम त्याला आवडली. पोरगी हिंदी बोलणारी, जात वेगळी. मोठीमायनं आठ-दहा दिवस तोंड फुगवलं, मग स्वतःच म्हणाली, "पोरगी चांगली आहे ना? मंग मी काऊन रुसून राहिली?" आणि लग्नात अशी नाचली की बँडवाले दमले. फक्त दोघींची भाषा जमेना. पूनमला झाडीबोली कळायची नाही आणि मोठीमायची हिंदी म्हणजे मराठीला 'है' जोडून केलेली. पण प्रेम होतं. हिला मनापासून वाटायचं की सून आपली झाली पाहिजे. पोरगा तर आपलाच आहे, पण ती परकी पोरगी आपल्या घरात रुजली पाहिजे. त्या काळात तिच्या जिवाला दुसरं काही लागलेलं नव्हतं.

म्हणून ती फोन करायची. सकाळी करायची, दुपारी करायची, भाजी काय केली म्हणून करायची. एक दिवस होमेंद्र वैतागला. "माय, मीटिंगमध्ये असतो मी! किती फोन करशील?" मोठीमाय फोन हातात धरून तशीच बसली. मी त्या दिवशी तिथंच होते. आता मी पडले मास्तरीण, गोंदियाच्या शाळेत पोरांना शिकवते. कोणाला काही येत नसलं की माझे हात शिवशिवतात. मी म्हटलं, "फोन कशाला करतेस मोठीमाय? मेसेज टाकत जा. आजकाल कोणी फोन करत नाही."

"काऊन?"

"लोक कामात असतात. फोन वाजला की चिडतात. मेसेज सवडीनं वाचतात आणि सवडीनं उत्तर देतात."

तिनं थोडा विचार केला आणि चक्क मान डोलावली. तिनं दुसरा काऊन विचारला नाही असं मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मूर्खासारखी खूश झाले.

मराठीची बटणं तिला जमेनात. काना सापडला तर वेलांटी हरवायची. पण होमेंद्रच्या पाटीवर त्याच्यासोबत ती एबीसीडी शिकली होती. म्हटलं, मग इंग्रजी अक्षरांत लिही, जसं बोलतेस तसं. 'जेवला का' लिहायला शिकवलं, 'बरं' शिकवलं. मग ती म्हणाली, "काऊन कसं लिहाचं?" मी म्हटलं, "के, ए, यू, एन." तिनं चष्मा वर केला. "एवढंच? यात 'ऊ' कोठी आहे? कोनाले कळन का?" मी म्हटलं, "कळते गं, आपल्या लोकांना सगळं कळते. आणि लांब लिहू नको, एक शब्द टाकला की पुरे." आजही शाळेत फळ्यावर ती चार अक्षरं एका ओळीत आली की माझा हात थांबतो.

मग मोठीमायला जो नाद लागला तो विचारू नका! सकाळी चूल पेटायच्या आधी सगळ्या भाच्या-पुतण्यांना मेसेज. नातेवाइकांचा ग्रुप मी काढला, त्यात कोणी फुलांचा फोटो टाकला की हिचं काऊन. कोणी 'आज सुटी' लिहिलं की काऊन. दूध उतू जायचं, मांजर दह्यात तोंड घालायची, आणि ही खाटेवर बसून एका बोटानं टाईप करत असायची. मी कौतुकानं सगळ्यांना सांगायचे, आमची मोठीमाय बघा किती मॉडर्न! ती पण म्हणायची, "घरी बसून साऱ्या दुनियेले इचारून राहिली मी." आणि खरोखर घरीच बसली. बाजारात जाणं कमी झालं, बांधावरून फेरी मारणं बंद. एकदा माझ्यासमोर गंगू येऊन ओसरीत बसली, पदराशी चाळा करत बराच वेळ बसली, आणि उठून गेली. मोठीमायची मान फोनमध्ये. गंगू दाराबाहेर पडल्यावर तिनं वर पाहिलं आणि मला विचारलं, "कोन आलं होतं का?" मी हसले. काय हसण्यासारखं होतं त्यात?

पूनमही सुरुवातीला उत्साहानं लिहायची. मम्मीजी नमस्ते, मम्मीजी आज कढी बनाई. तिची अक्षरंही इंग्रजीच, भाषा हिंदी. हळूहळू तिचे मेसेज आटले. दिवाळीला येणार नाही म्हणून एक आला. मोठीमायनं विचारलं काऊन, तर उत्तरच नाही. मोठीमाय मला म्हणाली, "इचारलं का चूप होते पोरगी. मले वाटते माह्यावर राग आहे तिचा." मी म्हटलं, "शहरातल्या पोरी अशाच असतात, मनावर नको घेऊ." माझ्याजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असायचं.

उन्हाळ्यात एका रविवारी मी नवेगावला गेले तर मोठीमाय अस्वस्थ. फोन माझ्यासमोर धरला. "हे पाय. रडून राहिली पोरगी." पूनमचा मेसेज होता, आज बहुत रोना आ रहा है मम्मीजी. त्याखाली मोठीमायनं लिहिलं होतं, काऊन पूनम. पुढं काही नाही. मोठीमाय म्हणाली, "सकाळपासून जवाब नाई. फोन करू का मी तिले? नाई त गाडीच धरतो आन जातो."

मी तो मेसेज डोळ्यांनी वाचला. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही, कारण मीही झाडीचीच, मी काऊनच वाचलं. वर शहाणपणा केला. "फोन नको करू. नवरा-बायकोचं काही असेल, तू मध्ये कशाला पडतेस? विचारलंस ना? झालं मग. सांगावंसं वाटलं तर सांगेल ती. नाहीतर म्हणेल, सासू पिच्छाच सोडत नाही." मोठीमायनं फोन उशीखाली ठेवला. थोड्या वेळानं काढून पाहिला, परत ठेवला. मी तिला आंब्याचं पन्हं करायला लावलं आणि दोन पेले पिऊन संध्याकाळच्या गाडीनं घरी आले.

त्यानंतर पूनमनं लिहिणंच सोडलं. होमेंद्रचे फोनही कोरडे झाले. बरी आहेस, औषध घेतेस, ठेवतो. वर्ष असंच गेलं. मोठीमाय रोज तिला लिहायची, जेवली का, बरी आहे का. उत्तर नाही.

मग मला शाळेच्या प्रशिक्षणासाठी रायपूरला जावं लागलं. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. पूनमनं चहा दिला, बिस्किटं दिली, सगळं रीतीप्रमाणे. मी म्हटलं, मम्मीजी तुझी फार आठवण काढते. तर ती हसली. असं हसणं मला आवडत नाही.

"दीदी, मम्मीजी को तो मेरा नाम भी याद नहीं रहता."

"ऐसा क्यों कहती हो?"

"मैं कुछ भी लिखूँ, पूछती हैं कौन. दिवाली का लिखा, तो कौन. जिस दिन मैंने लिखा कि रोना आ रहा है, उस दिन तो पूरा ही लिख दिया, कौन पूनम."

चहाचा कप माझ्या हातात होता. कुठं ठेवावा ते मला सुचेना. के, ए, यू, एन. आम्ही वाचलं की काऊन, आणि हिंदी माणसानं वाचलं की कौन. बाप्पा! मी आत हाक मारून होमेंद्रला बाहेर बोलावलं आणि दोघांना सांगितलं. पूनमनं तो मेसेज रागानं तेव्हाच पुसला होता, होमेंद्रला फक्त तोंडी सांगितलं होतं की तुझी आई विचारते, कौन पूनम. त्यानं डोळ्यांनी वाचला असता तर त्याला तिथल्या तिथं कळलं असतं. त्यानंही आईला फोन करून विचारलं नाही. मनात धरून बसला.

पूनमनं माझ्या हातातला कप काढून खाली ठेवला. मग हळू म्हणाली, "उस दिन हम अस्पताल से लौटे थे, दीदी. तीसरा महीना था. बच्चा नहीं रहा. किसी को बताया नहीं था अब तक. मेरी माँ तो है नहीं. मुझे लगा, मम्मीजी को बता दूँ."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण मान वर करून मला विचारलं, "पर दीदी, कोई रो रहा हो तो आदमी फोन तो करता है ना? उन्होंने फोन क्यों नहीं किया?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. पण तोंडातून खोटं निघेना. म्हटलं, "मैंने मना किया था."

मी तिथूनच फोन लावून मोठीमायला सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "पूनमले दे." मी दिला. मोठीमाय आपल्या त्या मोडक्या हिंदीत काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण पूनम भिंतीला टेकून रडायला लागली, आणि रडता रडता सांगायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठीमाय रायपूरच्या दारात उभी. हातात पिशवी, पिशवीत डिंकाचे लाडू. बाळंतिणीचे लाडू! बाळ नाही, तरी बाई बाळंतीणच, असं तिचं म्हणणं. पूनमचं डोकं मांडीवर घेऊन बसली ती, आणि मी पाणी नेऊन दिलं तेव्हा माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाली, "तू नाई म्हटलं नसतं शालू, त मी त्याच दिवशी गाडीत बसली असती."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी पाया पडले, माफी मागितली. ती म्हणाली, "राग नाई वो. तू भल्यासाठीच सांगतलं. पन माही अक्कल कोठी गेली होती? रडनाऱ्या पोरीले मी बोटानं इचारत बसली." म्हणजे दोष तिनं स्वतःकडं घेतला, आणि मला फेडायला काही ठेवलंच नाही.

यंदा पूनमला पुन्हा दिवस गेले आहेत. मोठीमाय घर गंगूच्या हवाली करून कायमची रायपूरला निघाली. गोंदियाच्या स्टेशनवर मी तिला सोडायला गेले. तिचं सामान चढवलं, खिडकीजवळची जागा मिळवून दिली, आणि गाडीनं शिटी दिल्यावर सवयीनं म्हणून गेले, "पोचलीस की मेसेज टाक."

तिनं खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून माझ्या गालाला लावला. "नाई टाकत," ती म्हणाली. "मी पोचली का नाई, ते पाहाचं असन त येजो."

गोंदियाहून रायपूर ते किती लांब! सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचतं माणूस. परीक्षा झाल्या की जाते, पेपर तपासून झाले की जाते, असं म्हणता म्हणता पावसाळा लागला. सकाळी उठल्यावर आधी तिला मेसेज टाकते, कशी आहेस मोठीमाय, म्हणून. खाली दोन निळ्या खुणा उमटतात. ती वाचते, आणि उत्तर देत नाही.