विट्याकडचं कोण हाय का?

आईच्या डोळ्याच्या पडद्यावरचा उपचार हैदराबादलाच होईल असं सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा घरात कुणी फारशी काळजी केली नाही. हैदराबाद मला पाठ आहे, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कुपवाडच्या ज्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे, त्यांनी मशीन बघायला मला दोनदा तिकडं धाडलं होतं. दोन्ही वेळा मला न्यायला गाडी आली होती आणि गाडीनंच परत आणून सोडलं होतं. हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तर हैदराबादला उतरून आम्ही दोघं मेट्रोनं दवाखान्याकडं निघालो. आईच्या उजव्या डोळ्याची नजर जवळपास गेलेली. डाव्या डोळ्यानं समोरचं माणूस कळायचं, पण पाटी वाचता यायची नाही. तिनं माझ्या शर्टाची बाही धरली होती. मधे एका मोठ्या स्टेशनावर गाडी बदलायची होती. मी मोबाइलमध्ये बघून उतरलो, सरकत्या जिन्याला आई घाबरली म्हणून साधा जिना शोधला आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसलो. तीन स्टेशनं गेल्यावर ते कळलं. परत आलो, तर पुन्हा भलताच फलाट. साडेदहा होत आले होते. दवाखान्यात अकराच्या आत पोचला नाहीत तर पुढची तारीख महिन्यानं मिळेल, असं फोनवर बजावलेलं.

“कुणाला तरी इचार की रं,” आई म्हणाली.

“कळतंय मला.”

“इचारल्यानं जीभ झिजती व्हय?”

मला विचारणं जिवावर आलं होतं. इन केलेला शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात मोबाइल, आणि असल्या माणसानं रस्ता विचारायचा? पडलो तरी नाक वर, हे माझं जुनं दुखणं आहे.

आईनं बाही सोडली. गर्दीत चार पावलं पुढं गेली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गावाकडच्या स्टँडवर मारावी तशी मोठ्यानं हाक मारली, “आवं, विट्याकडचं कोण हाय का हितं?”

तिच्या लेखी यात काही वेडेपणा नव्हता. आमच्या विटा भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, म्हणजे गलाईत, देशभर पसरलेली आहेत. आमच्याकडचा गलाईवाला नाही असं शहर नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मलाही ते ठाऊक होतं. पण फलाटावरची माणसं वळून बघायला लागली, कॉलेजच्या दोन मुली हसल्या आणि मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. आईनं पुन्हा हाक मारली. तेव्हा सुरक्षारक्षक आला. त्यानं हिंदीत काय विचारलं ते तिला कळेना, म्हणून तो माझ्याकडं वळला.

“ये आपके साथ हैं?”

“नहीं,” मी म्हणालो.

एवढं हिंदी आईलाही कळत होतं. तिचा चेहरा माझ्याकडं वळला आणि लगेच दुसरीकडं गेला.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, “व्हय आक्का, मी हाय. गाव कंचं?” पन्नाशीचा माणूस होता, हातात कापडी पिशवी. आईनं गाव सांगितलं, त्यानं आपलं सांगितलं. लांबचं एक सोयरंही निघालं. त्यानं तिच्याकडचा दवाखान्याचा कागद वाचला. “चला, माज्या वाटंवरच हाय,” म्हणाला. मग आजूबाजूला बघत त्यानं विचारलं, “संगं कोण आलंय?”

मला तेव्हा पुढं होता आलं असतं. चार पावलांचंच अंतर होतं. पण तो रक्षक अजून तिथंच उभा होता. मी हललो नाही.

“कोण न्हाई. एकटीच आलीया,” आई म्हणाली.

“लेक न्हाई का तुमास्नी?”

“हाय की. कारखान्यात मोटा सायब हाय. रजा न्हाई गावली त्येला.”

“असली कसली रजा? दिसंना झालेल्या आईला एकटीला धाडतोय म्हंजे काय?”

“तसं म्हनू नगा. त्येचा लय जीव हाय माज्यावर.”

मी चोरासारखा त्यांच्या मागं चालत राहिलो. त्याच डब्यात चढलो आणि दाराशी उभा राहिलो. त्या माणसानं आईला जागा मिळवून दिली, उतरताना हात धरला आणि दवाखान्याच्या फाटकापर्यंत सोडलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरीही तो माणूस दिसेनासा होईपर्यंत मी पुढं गेलो नाही. आई फाटकाजवळच थांबली होती. मी जवळ जाऊन तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला.

आत पोचलो तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. खिडकीवरच्या मुलीनं आईचं नाव, गाव, वय लिहून घेतलं. मग मान वर न करता विचारलं, “साथ में कौन है?”

प्रश्न आईला समजला होता. पण ती माझ्याकडं वळली, अधू नजरेनं माझा चेहरा शोधला आणि हळूच म्हणाली, “काय सांगू रं?”