वाडा कुठाय?

आमच्या ह्यांचा जन्म पुण्यातला, तोही पेठेतला. त्यामुळे शनिवारवाडा आतून बघायची त्यांना कधी गरजच पडली नाही. पाहुणे आले की त्यांना तिकीट काढून आत धाडायचं आणि आपण दिल्ली दरवाजासमोर त्यांच्या पिशव्या सांभाळत बसायचं, ही आमच्या घरची रीत. शाळेची सहल गेली तेव्हा म्हणे ह्यांना गोवर आला होता. पाहुणे बाहेर येऊन "छान आहे" एवढंच म्हणायचे. ह्यांच्यापुढे दुसरं काही म्हणायची सोय आहे का? मी साताऱ्याची, लग्न होऊन आलेली. मीही आपली पिशव्यांपाशीच.

तर आमच्या मुलीने हिंजवडीतला, तिच्याच ऑफिसातला नागपूरचा मुलगा पसंत केला आणि त्याचे आईवडील आम्हाला बघायला आले. हो, आम्हालाच! मुलगी त्यांना कधीच आवडली होती. अडलं होतं ते आमच्या गावापाशी. मुलाच्या वडिलांना पुणेकरांची धास्ती होती. पुण्याच्या माणसाचं कधी चुकतच नाही, असल्या घराशी जन्मभर सोयरीक निभवायची कशी, असं ते मुलाला म्हणाले होते. म्हणून मुलीने सकाळीच बापाला बजावलं, "बाबा, आज नुसतं 'हो का' म्हणायचं."

"मला शिकवू नकोस," हे म्हणाले.

वाड्यापाशी पोचलो तर विहीणबाईंचे गुडघे दुखायला लागले. अजून विहीण व्हायच्या होत्या, पण मनातल्या मनात मी त्यांना तेच म्हणत होते. "मी बसते जी इथं पिशव्या घेऊन. तुम्ही दाखवा ह्यांना," त्या म्हणाल्या. झालं! ह्यांची हक्काची जागा गेली.

दरवाजाशीच ह्यांनी सुरुवात केली. "हा काळा दगड बघा. दोन चिऱ्यांच्या फटीत सुरीचं पातं शिरायचं नाही." व्याह्यांनी शांतपणे खिशातून घराची किल्ली काढली आणि फटीत घातली. शिरली.

"ती नंतरची डागडुजी," हे म्हणाले.

दारावरचे अणकुचीदार खिळे हत्तींसाठी, हे मात्र बरोबर सांगितलं, कारण ते बाहेरून दिसतात. मग गाडी जी सुटली! आत मोठा महाल आहे, आरशांचा दिवाणखाना आहे, मजले चढून चढून पाय मोडतील. मुलगी दातओठ खात मला चिमटे काढत होती. बोलतायत हे आणि चिमटे मला!

आत गेलो. हिरवळ. पायवाटा. कमरेइतके दगडी चौथरे, उन्हात काळेभोर, एकेक कोपरा कसा रेखीव. आणि वर आभाळ.

हे थबकले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि तडक रखवालदाराकडे गेले. "अहो, वाडा कुठाय?"

"जळाला."

"कधी?"

रखवालदाराने जरा विचार केला. "मी इथं कामाला लागायच्या आधी."

"जळाला ते मलाही माहीत आहे!" हे कडाडले. "पण थोडा तरी ठेवला असेल ना!"

व्याह्यांनी तोंडाला रुमाल लावला. मुलगी रडायच्या बेतात. मला तर वाटलं, ह्यांना तिथेच सोडावं आणि सरळ रिक्षा करून घरी जावं. आता हे नक्की सांगणार, की महाल दुरुस्तीला पाठवलाय. संपलं लग्न!

हे चौथऱ्यापाशी गेले. वाकून दगडावरून हात फिरवला, सांधा बोटाने चाचपून पाहिला. "काय घडवलंय हो," असं स्वतःशीच पुटपुटले. मग व्याह्यांकडे वळले. चेहरा शाळकरी पोराएवढा झाला होता. "मी आत कधी आलोच नव्हतो," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

एवढा संसार झाला, पण ह्यांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

व्याह्यांनी रुमाल खाली घेतला. ह्यांना आपादमस्तक न्याहाळलं. मग दरवाजाकडे तोंड करून, साऱ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते बायकोला ओरडले, "अवो, ऐकलं का! पक्कं करा लग्न! हा माणूस चुकते जी!"