पाच जणींची एक कादंबरी

शाळेतून निवृत्त झाल्यावर कुसुमताई एकदा पंचे घ्यायला पवनीच्या विणकर मोहल्ल्यात गेल्या. तिथं मागाशेजारी बसून एक तरुण मुलगी कोऱ्या करकरीत कादंबरीची पाठ सुरीनं चिरत होती. बाईंनी तिला हटकलं.

"अवं, काहून फाडून राहिली?"

"फाडून नाही राहिली बाई, वाटून राहिली," स्वाती वर न बघताच म्हणाली. "पुस्तक एक, आमी पाच जणी. चौघींनं तोंड पाहत बसाचं काय?"

मागावरच्या उरलेल्या रेशमानं तिनं पाच भाग शिवले, प्रत्येकाचा रंग वेगळा. मग चिठ्ठ्या टाकल्या. कादंबऱ्या सगळ्या त्यांच्याच वयाच्या मुलामुलींच्या. जिला मधला भाग येई, ती आधी काय झालं असेल ते अंदाजानं सांगे. त्यांच्यातल्या गुड्डीनं एकदा नायिकेचं लग्न तिच्या सख्ख्या भावाशीच लावून टाकलं. तेव्हापासून तिला सगळ्या 'भटजी' म्हणू लागल्या. रविवारी भाग बदलायचे, भांडायचं, पण शेवट कुणी कुणाला सांगायचा नाही, हा स्वातीचा नियम. बाईही रविवारी जाऊ लागल्या.

या उन्हाळ्यात पाच जणींतल्या डिंपलच्या चिठ्ठीत तिसरा भाग आला. त्यात नायिका दप्तरात दोन कपडे घालून घर सोडते. डिंपल बारावी पास झाली होती. वडील मोतीलाल म्हणत होते, आता कॉलेज नको, सानगडीचं स्थळ चांगलं आहे. रविवार उजाडायच्या आत डिंपल गेली. दप्तर घेऊन. फोन बंद.

मोतीलाल हिरव्या दोऱ्याचा तो भाग घेऊन मागाच्या खोलीत आले, तेव्हा बाई तिथंच होत्या.

"हेच शिकवून राहिली तू पोरींले? माह्या पोरीच्या उशीखाली सापडलं हे!"

"काका, तो मधलाच भाग हाय."

"मंग पुढं काय होते?"

स्वातीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी शेवट वाचला होता. ती मुलगी परत येत नाही. दूर शहरात खोली घेते, दारावर स्वतःचं नाव लावते, तिथंच गोष्ट संपते.

"परत येते काका," स्वाती म्हणाली. "घरी परत येते."

मोतीलाल तिच्यासमोर बसले. "नक्की?"

"हाव."

"दे मग ते शेवटचं. तिची माय जेवून नाही राहिली, तिले वाचून दाखवतो."

"अड्याळच्या एका पोरीकडं गेलं हाय वाचायले."

शेवटचा भाग तिच्या मांडीशेजारीच होता, पंच्यांच्या गठ्ठ्याखाली. बाईंनी त्या गठ्ठ्यावर आणखी एक पंचा घडी करून ठेवला.

पुढे एका रविवारी अनोळखी नंबरावरून फोन आला. स्वातीनं तो बाईंसमोरच घेतला.

"मी नागपूरले हाव, मैत्रिणीच्या खोलीवर. ठीक हाव. घरी सांगजो," डिंपल म्हणाली. मग, "अन् मले सांग ना, तिचं शेवटी काय होते?"

स्वातीनं हातातला मागाचा धोटा खाली ठेवला. खरं सांगावं तर ही येणार नाही. खोटं सांगावं तर तेच खोटं दुसऱ्यांदा.

"नाही सांगत. नियम हाय ना आपला. येऊन वाचजो."

"मंग राहू दे," म्हणून डिंपलनं फोन ठेवला.

स्वाती तेव्हाच मोतीलालकडे गेली आणि पोरगी सुखरूप असल्याचं सांगून आली. परत आल्यावर म्हणाली, "रडले काका. अन् म्हणाले, म्हणजे पुस्तकात हाय तसंच होऊन राहिलं, आता येते परत." मग तिनं विचारलं, "बाई, मी चुकली का?"

 

डिंपल अजून आलेली नाही. मोतीलाल जातायेता दारातून विचारतात, "अड्याळून आलं का ते?" स्वाती मानेनंच नाही म्हणते. माग ती रोज चालवते, रविवारी पोरीही येतात. पण कादंबरी ती आता चिरत नाही. अख्खीच फिरते, एकीकडून दुसरीकडे, आणि बाकीच्या थांबतात.